डिलिजंट की इंडस्ट्रियस? पहिला इंग्रजी अर्ज लिहिणाऱ्या कोकणातल्या मुलामुलींसाठी

एप्रिल उजाडला की आमच्या पडवीत दोन गोष्टींची गर्दी होते. एक आंब्याच्या रिकाम्या पेट्यांची, दुसरी बायोडेटा घेऊन आलेल्या मुलांची. कुणाला बोटीवर जायचंय, कुणाला पुण्याच्या लॅबमध्ये, कुणाला गोव्यातल्या हॉटेलात. बायोडेटा मात्र सगळ्यांचा एकच असतो. ‘आय ॲम सिन्सिअर, हार्डवर्किंग, डिलिजंट अँड इंडस्ट्रियस.’ डिलिजंट म्हणजे काय रे, असं विचारलं की उत्तर येतं, ‘मेहनती.’ आणि इंडस्ट्रियस? ‘तेच की, मेहनती.’

तेच नाही. या दोन शब्दांवर मी स्वतः दोनदा तोंडघशी पडलोय.

पहिल्यांदा बी.कॉम. झाल्यावर, मुंबईत एका शिपिंग ऑफिसच्या मुलाखतीत. अर्जात मी मोठ्या दिमाखात ‘ॲन इंडस्ट्रियल पर्सन’ असं लिहिलं होतं. समोरच्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘कारखाना कुठे आहे तुमचा?’ मी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘कारखाना नाही सर, आंब्याची बाग आहे.’ तिघेही हसले. मला मात्र एस.टी.त बसेपर्यंत कळलं नाही ते का हसले.

दुसऱ्यांदा चूक स्पेलिंगची नव्हती, शब्दाच्या निवडीची होती, आणि तिचा फटका दुसऱ्याला बसला. वाडीतल्या एका मुलासाठी मी शिफारसपत्र लिहिलं. आंब्याचा पल्प डब्यात भरणाऱ्या एका युनिटमध्ये तपासणीचं काम होतं. मी त्याला ‘इंडस्ट्रियस’ म्हटलं. तिथल्या मॅनेजरबाईंचा फोन आला, ‘काका, मुलगा भरपूर काम करतो हे कळलं. नोंदी नीट ठेवतो का, ते लिहाल?’ तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पुढे जे लिहितोय ते त्या फोननंतर शिकलेलं.

बसण्याआधी जवळ काय हवं

- नोकरीची पूर्ण जाहिरात. मित्राने पाठवलेलं अर्ध कापलेलं चित्र चालणार नाही.
- तुमचा जुना बायोडेटा, लाज वाटत असली तरी.
- शिकणाऱ्यांसाठी असलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, कुठलाही चालेल. तिन्ही मोबाईलवर फुकट बघता येतात. इंग्रजी-मराठी कोश दोन्ही शब्दांपुढे ‘उद्योगी, मेहनती’ लिहून मोकळा होतो, आणि आपला सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.
- वही आणि पेन्सिल.
- तुम्हाला काम करताना प्रत्यक्ष पाहिलेलं एक माणूस. आई चालेल, पण शेजारीण जास्त खरं बोलते.

## १. आधी मराठीत लिहा, आणि ‘मेहनती’ शब्द टाळून लिहा

शेजारणीला विचारा, ‘माझ्या कामाबद्दल एक वाक्य सांग.’ ती काय म्हणते ते जसंच्या तसं उतरवा. ‘हा कधी रिकामा बसत नाही’ हे एक वाक्य. ‘हिला काम सांगितलं की परत बघायला लागत नाही’ हे दुसरं. ‘करतो, पण सतरा वेळा सांगावं लागतं’ असं तिसरं आलं तर हा लेख बाजूला ठेवा, तुमची अडचण विशेषणाची नाही.

पहिलं वाक्य इंडस्ट्रियसकडे जातं, दुसरं डिलिजंटकडे. का, ते पुढच्या पायरीत.

## २. हात बघा, मग नजर बघा

मला हा फरक शब्दकोशात नाही, आमच्याच पडवीत समजला.

माझा मोठा भाऊ हंगामात पहाटे पाचला झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी, घेऊन बागेत असतो. दुपारपर्यंत उतरलेला आंबा पडवीत येतो. जेवण झाल्या झाल्या पेट्या भरायला घेतो, रात्री गाडी वाशीला सुटते. हंगाम संपला की काजूच्या बिया आहेत, मग भाताची लावणी आहे. भर पावसात काहीच काम नसलं तर ढासळलेल्या गडग्याचे चिरे लावत बसतो. त्याला हातावर हात ठेवून बसलेला मी पाहिलेला नाही. हा माणूस इंडस्ट्रियस. या शब्दात कौतुक आहे ते सतत चालणाऱ्या हातांचं, अंगात मुरलेल्या सवयीचं. आज कुठलं काम आहे याला महत्त्व नाही, काहीतरी चालू असणार हे नक्की.

आता वहिनी. ती पेटी भरायला बसली की आंबा हातात घेते, देठाकडून बघते, फिरवून पाठीकडून बघते. देठ मोडून चीक सालीवर ओघळला असेल तर तो डाग पिकल्यावर काळा पडणार, म्हणून असा आंबा बाजूला. अंगठ्याने दाबत नाही, नुसतं तळहातावर तोलते. मापाचे आंबे एका थरात, खाली पेंढा, वर पेंढा. साका, म्हणजे आतला खराब झालेला गर, वरून कळत नाही, त्याला तिचाही इलाज नाही. भाऊ दोन पेट्या भरतो तेवढ्यात तिची एक होते. पण तिने भरलेल्या पेटीबद्दल व्यापाऱ्याची तक्रार आलेली मला आठवत नाही. वहिनी डिलिजंट. इथे कौतुक आहे ते एका ठरावीक कामाला दिलेल्या लक्षाचं. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, ‘निगुतीने’. डिलिजंटली म्हणजे निगुतीने. शब्दकोशाने हा शब्द दिला असता तर माझी निम्मी फरफट वाचली असती.

मौज म्हणजे डिलिजंटचं मूळही वहिनीच्या बाजूने साक्ष देतं. लॅटिनमध्ये ‘दिलिगेरे’ म्हणजे वेगळं काढून निवडणं, आणि त्यावरून एखाद्या गोष्टीवर जीव असणं. ज्याच्यावर जीव, त्याची काळजी, म्हणून डिलिजंट. फ्रेंचमधून हा शब्द १४व्या शतकात इंग्रजीत आला. इंडस्ट्रियसच्या मुळाशी लॅटिन ‘इंदुस्त्रिया’ आहे, म्हणजे खटपट, उद्यम. कारखान्यांचा जन्म व्हायच्या कितीतरी आधीचा शब्द.

आता दोन चौकोन आखा. एकावर ‘हात’, दुसऱ्यावर ‘नजर’ लिहा, आणि शेजारणीची वाक्यं त्यात वाटून टाका. एकच माणूस दोन्हीकडे बसू शकतो. भाऊ निष्काळजी आहे असं मी म्हटलेलं नाही, नाहीतर हे वाचून उद्यापासून माझा चहा बंद होईल.

आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोन भारतरत्नांकडे बघून मी हे मुलांना समजावतो. मुरूडचे धोंडो केशव कर्वे: १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, शिवाय फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणं, आणि तेही हिंगण्याहून पायी ये-जा करून. यांच्यासाठी पहिला शब्द सुचतो इंडस्ट्रियस. चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे पांडुरंग वामन काणे: धर्मशास्त्राचा एकच इतिहास, पाच खंड, पहिला १९३० मध्ये आणि शेवटचा १९६२ मध्ये. एका विषयाला बत्तीस वर्षं, तीही तळटीपांनी गच्च भरलेली. इथे डिलिजंट. उलटं लिहिलं तर खोटं ठरेल असं नाही, पण नेमकं बसणार नाही.

## ३. जाहिरात वाचा आणि त्यांना काय हवंय ते ओळखा

जाहिरातीत रेकॉर्ड, तपासणी, हिशेब, सुरक्षितता, अचूकता असे शब्द असतील तर त्यांना नजर हवी आहे: डिलिजंट. लॅब, बँक, नर्सिंग, बोटीवरची इंजिनरूमची नोंदवही, सगळी याच बाजूची. अनेक कामं एकदम सांभाळायची असतील, सतत पायावर उभं राहायचं असेल, हॉटेलचं किचन, गोदाम, शेतावरची देखरेख, तर इंडस्ट्रियसला जागा आहे. पण तिथेही साधं हार्डवर्किंग बहुतेक वेळा जास्त बरं दिसतं.

याचं कारण सांगतो. इंडस्ट्रियस हा आज थोडा पुस्तकी शब्द आहे आणि बहुधा दुसऱ्याने तुमच्याबद्दल बोलायचा. शिक्षक मुलाबद्दल लिहितात, मालक कामगाराबद्दल. इंग्रज अधिकारी तर अख्ख्या जमातींना असली विशेषणं वाटत सुटले होते. १८८०चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटिअर चाळलंत तर जातीजातींना दिलेली प्रमाणपत्रं वाचायला मिळतील. स्वतःच स्वतःला इंडस्ट्रियस म्हणणं म्हणजे आपल्याच हाताने आपल्या गळ्यात हार घालण्यासारखं. शिफारसपत्रात शोभतो, स्वतःच्या अर्जात जरा जपून.

## ४. शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते तपासा

इंग्रजीत शब्दांचे शेजारी ठरलेले असतात, आणि मुलं सगळ्यात जास्त घसरतात ती इथे.

डिलिजंट माणसाला चालतो आणि कामालाही चालतो. डिलिजंट स्टुडंट, डिलिजंट नर्स हे तर आहेच, पण डिलिजंट सर्च, म्हणजे कसून घेतलेला शोध, असंही म्हणतात. ‘इंडस्ट्रियस सर्च’ म्हटलं की इंग्रजी येणारा माणूस थबकतो. इंडस्ट्रियस राहतो माणसांसोबत, कुटुंबांसोबत, फार तर मुंग्या आणि मधमाश्यांसोबत.

डिलिजंटनंतर कशात, ते सांगता येतं: ‘डिलिजंट इन कीपिंग रेकॉर्ड्स’, नोंदी ठेवण्यात काळजीपूर्वक. इंडस्ट्रियसला असं शेपूट सहसा लागत नाही, तो एकटा उभा राहतो.

आणि ‘ड्यू डिलिजन्स’. कोकणात जमीन घेतलेल्या कुणालाही हा शब्द इंग्रजी न येताही कळतो. सातबारा बघायचा, फेरफार काढायचे, आठ-अ बघायचा, मुंबईत आणि कुठे कुठे पांगलेले सहहिस्सेदार शोधायचे, कुळाचं नाव आहे का ते तपासायचं, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यायचा. ही सगळी ड्यू डिलिजन्स, म्हणजे व्यवहार करण्याआधी जेवढी काळजी घेणं रास्त आहे तेवढी घेणं. शेअर बाजाराच्या कायद्यात ही कल्पना रुजली ती अमेरिकेच्या १९३३च्या सिक्युरिटीज ॲक्टपासून. आता डिलिजन्सच्या जागी ‘इंडस्ट्री’ बसवून बघा. वकिलाने दिवसाला शंभर सातबारे चाळले आणि एकाही सहहिस्सेदाराचं नाव वाचलं नाही, तर तो इंडस्ट्रियस होता. तुमची जागा मात्र गेली.

## ५. नाम आणि क्रियाविशेषण

डिलिजंटचं नाम डिलिजन्स, क्रियाविशेषण डिलिजंटली. इथे काही अडचण नाही. (फ्रान्समध्ये घोड्यांच्या प्रवासी गाडीलाही डिलिजन्स म्हणायचे. जुन्या पुस्तकात कुणी डिलिजन्समध्ये चढताना दिसला तर दचकू नका.)

इंडस्ट्रियसचं जुनं नाम इंडस्ट्री. हो, तेच. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४७ मध्ये बारा चित्रांची एक मालिका काढली, तिच्या नावात इंडस्ट्री आणि आळस समोरासमोर आहेत. पहिल्याच चित्रात दोन उमेदवार मागावर बसलेत, एक विणतोय, दुसरा झोपलाय. तिथे इंडस्ट्री म्हणजे उद्योगीपणा. आज अर्जात ‘माय इंडस्ट्री’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला तुमचा धंदा वाटेल. नाम हवंच असेल तर इंडस्ट्रियसनेस लिहा, नाहीतर वाक्य फिरवून घ्या.

## ६. इथे पाय घसरतो

इंडस्ट्रियल. माझा सापळा. शेवट आय-ए-एल असेल तर कारखान्याशी संबंध, आय-ओ-यू-एस असेल तर माणसाशी. मराठीतही हीच जोडी आहे: उद्योग या एकाच शब्दातून औद्योगिक निघतो आणि उद्योगीही. लोट्याची एमआयडीसी इंडस्ट्रियल. तिथे सातच्या पाळीला डबा घेऊन रोज वेळेत पोचणारी बाई इंडस्ट्रियस. जपानी इतिहासकार अकिरा हायामी यांनी तर याच साम्याचा फायदा घेऊन ‘इंडस्ट्रियस रिव्होल्यूशन’ असा शब्द काढला. इंग्लंडमध्ये यंत्रं आणि भांडवल वाढलं. जुन्या जपानी खेड्यांत त्याउलट शेतावरची जनावरं कमी झाली आणि माणसांचे कष्ट वाढले, असं त्यांचं म्हणणं. यंत्रं वाढली ती इंडस्ट्रियल, हात वाढले ती इंडस्ट्रियस. माझ्या मुलाखतीच्या वेळी हे ठाऊक असतं तर काय थाटात उत्तर दिलं असतं.

मराठी ‘उद्योगी’ची सावली. ‘काय उद्योग करून ठेवलायस मेल्या!’ हे आत्याचं वाक्य माझ्या लहानपणी दिवसातून दोनदा ऐकू यायचं. मराठीत उद्योग म्हणजे कधी उपद्व्यापही. इंग्रजी इंडस्ट्रियसला तो वास नाही, निखळ कौतुक आहे. उपद्व्यापी पोराला इंडस्ट्रियस म्हणून चिडवता येणार नाही.

लॅबोरिअस. ‘आय ॲम अ लॅबोरिअस बॉय’ हे मी दरवर्षी निदान एकदा खोडतो. पूर्वी इंग्रजीत कष्टाळू माणसालाही लॅबोरिअस म्हणत, जुन्या कोशांतून ते आपल्याकडे टिकलं. आज तो शब्द कामाला लावतात: रटाळ, जिवावर येणारं, संपता न संपणारं काम. स्वतःला लॅबोरिअस म्हणवून घेणारा माणूस स्वतःला कंटाळवाणा म्हणतोय असंच वाचलं जातं.

सिन्सिअर. आपल्या शाळांच्या प्रगतिपुस्तकाने या शब्दाला ‘अभ्यासात नियमित’ असा अर्थ चिकटवला. भारताबाहेर सिन्सिअर म्हणजे मनात एक आणि ओठांवर दुसरं असं नसलेला. वाईट शब्द नाही, पण तुम्ही वेळेवर काम करता हे त्यातून बोटीवरच्या परदेशी कप्तानाला कळणार नाही.

दोन्ही एकदम. ‘डिलिजंट अँड इंडस्ट्रियस’ जोडीने लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, यादी कुठूनतरी उचललीय. एकच ठेवा.

स्पेलिंग आणि उपपद. डिलिजंटमध्ये ‘एल’ एकच, त्याच्या दोन्ही बाजूंना ‘आय’, आणि नंतर ‘जे’ नव्हे, ‘जी’. डिलिजंटच्या आधी ‘अ’, इंडस्ट्रियसच्या आधी ‘ॲन’. मोबाईल सगळ्या चुका पकडत नाही. ‘इंडस्ट्रियल’ तर तो सहसा पकडणार नाही, कारण तोही खरा शब्द आहे.

## ७. विशेषणाला पुरावा बांधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिल्या पायरीतलं मराठी वाक्य काढा आणि त्याला एक घडलेली गोष्ट जोडा.

पल्पच्या युनिटमध्ये अर्ज केलेल्या त्या मुलाचं पत्र मी पुन्हा लिहिलं. आधी त्याला बसवून विचारलं, नोंदींचं म्हणतायत, तू कधी काय लिहून ठेवलंयस? तो म्हणाला, ‘काही नाही काका.’ मग त्याची आई आतून म्हणाली, ‘बोटीच्या डिझेलची वही कोण लिहितो?’ निघालं असं की वडिलांच्या होडीची डिझेलची, बर्फाची आणि विकलेल्या मासळीची वही हा दहावीपासून लिहीत होता. वही आणायला लावली. तेलकट झालेली, कोपऱ्याला बांगड्याचं खवल चिकटलेलं, पण एका ओळीतही खाडाखोड नाही. ज्या दिवशी होडी गेली नाही त्या दिवशीही तारीख घालून ‘वारा, गेलो नाही’ असं लिहिलेलं.

पत्रात मग एवढंच लिहिलं: ‘ही हॅज डिलिजंटली मेंटेन्ड द डेली फ्युएल, आइस अँड सेल्स रजिस्टर ऑफ द फॅमिली बोट सिन्स टेन्थ स्टँडर्ड.’ मेहनती, प्रामाणिक, होतकरू, सगळं गाळलं. बाईंचा फोन पुन्हा आला, या वेळी त्याला वही घेऊन ये म्हणून सांगायला.

तुमच्याकडे होडीची वही नसेल. बचत गटाचा हिशेब असेल, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या असतील, दूध डेअरीचं कार्ड असेल, एन.एस.एस.ची हजेरी असेल. शोधा. डिलिजंटचा पुरावा बहुतेक कागदावर सापडतो; इंडस्ट्रियसचा वेळापत्रकात, म्हणजे कॉलेज करून पहाटे पेपर टाकले, सुट्टीत काजूच्या कारखान्यात होतो, रात्री शिकवणी घेतली.

काहीच सापडलं नाही तर विशेषण काढून टाका. रिकामी जागा खोट्या शब्दापेक्षा बरी दिसते.

## ८. मोठ्याने म्हणा

लिहिलेला शब्द मुलाखतीत तोंडाने म्हणावा लागतो. डिलिजंटमध्ये जोर पहिल्याच ‘डि’वर, बाकीचं हलकं. इंडस्ट्रियसमध्ये जोर ‘डस’वर: इन-डस-ट्रिअस. आपण मराठी माणसं सगळ्या अक्षरांना सारखं वजन देतो, त्यामुळे समोरच्याला कधीकधी शब्दच लागत नाही. शब्दकोशातल्या स्पीकरच्या खुणेवर बोट ठेवून ऐका आणि मागून म्हणा, दहा-बारा वेळा. रात्रीच्या कोकणकन्येने मुंबईला निघाला असाल तर सराव रत्नागिरी स्टेशनच्या फलाटावरच उरकून घ्या. मी वरच्या बर्थवर पडून पुटपुटत होतो, तर खालच्या आजींनी विचारलं, ‘काय रे, रामरक्षा म्हणतोयस का? जरा मोठ्याने म्हण, मलाही ऐकू दे.’